काजळीचें घ्राणेंद्रिय

सन १८९६ च्या जानेवारी महिन्यांत वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणींत भयंकर स्फोट झाला आणि ५७ माणसें प्राणांस मुकलीं. या अपघाताची चौकशी करण्यासाठीं शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन तेथें गेले. प्रेतांची तपासणी करतांना त्यांना असें आढळून आलें कीं, बहुतेक मजूर स्फोटाच्या आघातानें मेलेच नव्हते. स्फोटानंतर खाणींत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड नांवाच्या वायूनें त्यांचा बळी घेतला होता. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. मृत्यु समोर उभा असतां माणसाच्या पांचही ज्ञानेंद्रियांपैकीं एकालाही त्याची चाहूल लागली नव्हती.

हॉल्डेन यांनीं यावर एक साधा उपाय सुचविला. खाणींत उतरतांना एखादा चिमुकला प्राणी बरोबर न्यावा. त्याचा श्वासोच्छ्वास जलद असतो, म्हणून विषाचा परिणाम माणसाच्या आधीं त्याच्यावर दिसतो. पुढें या कामासाठीं कॅनरी पक्ष्याची निवड झाली आणि ब्रिटनच्या खाणींतून हे पिंजऱ्यांतले पहारेकरी थेट १९८६ सालापर्यंत नोकरीवर होते. ज्या युगांत माणूस चंद्रावर जाऊन आला, त्याच युगांत जमिनीखालीं त्याच्या प्राणांचें रक्षण एक पिवळा पक्षी करीत होता, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. डोळ्याला दुर्बीण मिळाली, कानाला टेलिफोन मिळाला. परंतु नाकाला साहाय्य करणारें यंत्र कांहीं केल्या सांपडत नव्हतें.

तें यंत्र अखेर ज्या पदार्थांतून निर्माण झालें, तो आपल्या घरांतील अगदीं परिचयाचा आहे. तो म्हणजे काजळी. दिव्याच्या ज्योतीवर तबकडी धरली असतां जी काळी पूड जमते, जिचें काजळ मुलांच्या डोळ्यांत घालतात आणि जिच्यापासून पोथ्या लिहिण्याची शाई होत असे, तीच ही काजळी. ती म्हणजे शुद्धप्राय कार्बन, आणि तिचा मूळ कण इतका सूक्ष्म कीं, तो मोजण्यास मीटरचा अब्जावा भाग, म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ नॅनोमीटर म्हणतात तें परिमाण, घ्यावें लागतें. हे कण रबरासारख्या लांब रेणूंच्या पदार्थांत, म्हणजे पॉलिमरमध्यें, मिसळले असतां त्या मिश्रणाला एक प्रकारची संवेदना प्राप्त होते. ही संवेदना कशी ओळखली गेली, हा या इतिहासाचा एक भाग. दुसरा भाग, आणि तो कमी महत्त्वाचा नाहीं, असा कीं ती ओळखण्याचें बरेंचसें काम परक्या देशांत शिकावयास किंवा संशोधनास गेलेल्या माणसांच्या हातून झालें.

या कथेचा आरंभ थॉमस एडिसनपासून करणें योग्य होईल. १८७७ सालीं टेलिफोनमध्यें सुधारणा करण्याच्या खटपटींत असतांना एडिसननें दिव्याच्या काजळीची दाबून एक लहानशी वडी केली. वडीवरील दाब वाढला कीं तिच्यांतून वीज सुलभतेनें वाहे; दाब उतरला कीं विजेला अडथळा होई. बोलणाराच्या आवाजानें पडदा कांपे, पडद्याच्या कंपनानें वडी कमी-अधिक दाबली जाई आणि त्याबरहुकूम तारेंतील वीज कमी-अधिक होई. पुढें नभोवाणीच्या बाल्यावस्थेंत वक्त्यांचे शब्द प्रथम झेलणारा ध्वनिग्राहकही पुष्कळ ठिकाणीं कार्बनचाच असे.

परंतु एडिसन एवढ्यावर थांबला नाहीं. १८७८ सालीं त्यानें टॅसिमीटर नांवाचें एक उपकरण केलें. त्यांत गंधकानें कठीण केलेल्या रबराची एक कांडी काजळीच्या वडीला टेकविलेली होती. कांडीला किंचित् ऊब लागली कीं ती प्रसरण पावून वडीला दाबी आणि विजेचा कांटा हले. २९ जुलै १८७८ रोजीं अमेरिकेंतून सूर्याचें खग्रास ग्रहण दिसणार होतें. सूर्याच्या प्रभामंडलाची उष्णता मोजण्यासाठीं एडिसन हें उपकरण घेऊन वायोमिंगमधील रॉलिन्स या गांवीं गेला आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यांत ठाण मांडून बसला. उपकरण इतकें नाजूक निघालें कीं, प्रभामंडलाचा प्रकाश पडतांच कांटा मोजपट्टीच्या बाहेर निघून गेला आणि मोजमाप असें हातीं कांहींच लागलें नाहीं. तथापि याच उपकरणांत रबराच्या जागीं जिलेटिनची पट्टी बसविली असतां ती हवेंतील ओलाव्यानें फुगे आणि कांटा हले. फुगणारा पॉलिमर आणि त्याची वार्ता विजेला देणारा कार्बन, ही जोडी अशा रीतीनें त्याच वर्षीं जन्माला आली होती; मात्र तिचें महत्त्व कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, आणि ती शतकाहून अधिक काळ अडगळींत पडून राहिली.

मधल्या काळांत काजळी दुसऱ्याच कामास लागली. विसाव्या शतकाच्या आरंभीं असें दिसून आलें कीं, रबरांत काजळी घातली असतां तें कितीतरी पटींनीं चिवट होतें. मोटारीच्या टायरचा काळा रंग याच मिश्रणाचा. अशा रबरांत काजळीचें प्रमाण हळूहळू वाढवीत नेलें तर बराच वेळ कांहींच होत नाहीं. रबर विजेला अडवून धरतें. मग एका ठराविक प्रमाणापाशीं रोध एकाएकीं कोसळतो आणि वीज वाहूं लागते. याचें कारण असें कीं, एरव्हीं सुटे असलेले कण त्या क्षणीं एकमेकांस टेकून या कडेपासून त्या कडेपर्यंत एक अखंड सांखळी निर्माण होते. नदींत टाकलेल्या दगडांवरून पलीकडे जाणाऱ्या माणसासारखीच ही गोष्ट आहे. शेवटचा एक दगड पडेपर्यंत सारे दगड निरुपयोगी असतात.

या घटनेचें गणित १९५७ सालीं सायमन ब्रॉडबेंट व जॉन हॅमरस्ले या दोघां इंग्रजांनीं मांडलें. ब्रॉडबेंट हे तेव्हां खाणमजुरांनीं तोंडावर लावावयाच्या विषवायुरोधक मुखवट्यांचा विचार करीत होते. मुखवट्यांतील सच्छिद्र कोळशांतून वायूला वाट केव्हां मिळते व केव्हां मिळत नाहीं, या प्रश्नांतून हें गणित निघालें. खाणींतील मृत्यूचा प्रश्न असा पुन्हां एकदां कोळशाच्या कणापाशीं येऊन पोंचला.

आतां या कथेंत पूर्वेकडील देशांचा प्रवेश होतो. तोपर्यंत सर्वांची समजूत अशी होती कीं, पॉलिमर स्वतः वीज वाहूं शकत नाहीं. वाहक हवा असेल तर त्यांत काजळी किंवा धातूच मिसळला पाहिजे. १९६७ सालीं टोकियोच्या तंत्रविद्यापीठांत हिदेकी शिराकावा हे ॲसिटिलीन वायूपासून पॉलिमर तयार करण्याचे प्रयोग करीत होते. तेथें प्युन ह्युंग-चिक नांवाचे कोरियन पाहुणे संशोधक आले होते. एके दिवशीं त्यांनीं सांगितल्याप्रमाणें प्रयोग लावला. पण नेहमींची काळी भुकटी तयार होण्याऐवजीं द्रवाच्या पृष्ठभागावर चंदेरी रंगाचा एक चकचकीत पापुद्रा धरला. शोध घेतां असें कळलें कीं, उत्प्रेरक द्रव्य नेहमींच्या हजारपट पडलें होतें. चूक लिहिण्यांत होती कीं वाचण्यांत, या वादांत शिरण्याचें प्रयोजन नाहीं. दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेंत तो पापुद्रा टाकून दिला गेला असता. शिराकावांनीं तो जपून ठेवला आणि वर्षानुवर्षें त्याचा अभ्यास केला.

१९७५ सालीं ॲलन मॅकडायर्मिड हे अमेरिकेंतील प्राध्यापक जपानांत आले होते. टोकियोस व्याख्यानानंतर चहा घेत असतां त्यांनीं आपल्याजवळील सोनेरी झांक असलेला एक पदार्थ दाखविला. तेव्हां शिराकावांनीं आपला चंदेरी पापुद्रा पुढें केला. मॅकडायर्मिड यांनीं शिराकावांना फिलाडेल्फियास येण्याचें तत्काळ निमंत्रण दिलें. मॅकडायर्मिड हे स्वतः एके काळचे परदेशी विद्यार्थीच होते. न्यूझीलंडमध्यें गरिबींत वाढलेल्या या मनुष्यानें कॉलेजांत झाडलोट करीत व प्रयोगशाळेंत हरकाम्याचें काम करीत शिक्षण घेतलें होतें आणि १९५० सालीं शिष्यवृत्ति मिळवून तो अमेरिकेस गेला होता.

ज्या फिलाडेल्फिया नगरींत शिराकावा उतरले, तिचें नांव महाराष्ट्राला नवें नाहीं. नव्वद वर्षांपूर्वीं, ११ मार्च १८८६ रोजीं, आनंदीबाई जोशी यांनीं याच नगरींतील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतली होती. परक्या भूमींत, परक्या हवेंत व परक्या अन्नावर राहून विद्या मिळविण्यास काय किंमत पडते, हें त्यांच्या अल्प आयुष्यावरून महाराष्ट्र जाणतो.

२३ नोव्हेंबर १९७६ या दिवशीं पेन्सिल्व्हानिया विद्यापीठांत शिराकावा आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक ॲलन हीगर यांच्याकडील तरुण संशोधक सी. के. च्यांग यांनीं त्या चंदेरी पापुद्र्यावर ब्रोमीनची वाफ सोडली. पाहतां पाहतां पापुद्र्याची वाहकता कोटीपट वाढली. वायूचा स्पर्श होतांच पॉलिमरनें विजेच्या भाषेंत उत्तर दिलें होतें. १९७७ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला आणि २००० सालीं शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर या तिघांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या पारितोषिकाच्या नियमांत तिघांपेक्षां अधिकांना जागा नाहीं. प्युन आणि च्यांग यांचीं नांवें म्हणून इतिहासकारालाच आवर्जून सांगावीं लागतात.

इकडे वास म्हणजे काय याचाही उलगडा होत होता. १९८२ सालीं इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठांतून कृष्ण पर्सोद व जॉर्ज डॉड यांनीं एक नवा विचार मांडला. एका वासाला ओळखणारा एकच अचूक संवेदक शोधण्याचा हट्ट धरूं नये. अनेक अर्धवट संवेदक एकत्र ठेवावे आणि त्यांच्या उत्तरांचा मिळून जो आकृतिबंध तयार होतो, त्यावरून वास ओळखावा. निसर्गाची रीतही हीच आहे, हें १९९१ सालीं लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांच्या संशोधनानें दिसून आलें. मनुष्याच्या नाकांत सुमारें ४०० प्रकारचे ग्राहक असतात. एक वास अनेक ग्राहकांना चाळवतो आणि एक ग्राहक अनेक वासांना प्रतिसाद देतो. पेटीच्या मोजक्या पट्ट्यांतून जसे असंख्य स्वरमेळ निघतात, तसाच हा प्रकार आहे.

हें संशोधन निव्वळ कुतूहलापोटीं चाललें होतें असें नव्हे. १९८४ च्या डिसेंबरांत, २ व ३ तारखांच्या मधल्या रात्रीं, भोपाळ येथें कीटकनाशकांच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला आणि हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या रात्रीं गळतीची पहिली सूचना कामगारांना मिळाली ती कोणत्याही यंत्राकडून नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांच्या आगीकडून. हॉल्डेन यांच्या काळीं पिंजऱ्यांत पक्षी तरी होता. येथें पक्ष्याचें काम माणसानें केलें.

हे दोन प्रवाह, फुगणारा पॉलिमर आणि अनेक संवेदकांची पंक्ति, १९९६ सालीं एकत्र आले. कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथील तंत्रसंस्थेंत नेथन लुईस, रॉबर्ट ग्रब्ज व त्यांच्या हाताखालील तरुण संशोधक लोनरगन, सेव्हरिन, डोलमन व बीबर यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांची कृति आश्चर्य वाटावें इतकी साधी होती. एक पॉलिमर द्रवांत विरघळवावा, त्यांत काजळी घोटावी आणि दोन विद्युत्-अग्रांमध्यें त्याचा पातळ थर द्यावा. हवेंत एखाद्या द्रव्याची वाफ आली कीं ती थरांत मुरते व पॉलिमर किंचित् फुगतो. फुगल्यामुळें काजळीचे कण एकमेकांपासून दूर सरतात, सांखळ्या तुटतात आणि रोध वाढतो. वाफ निघून गेली कीं थर आकसतो व रोध पूर्वपदावर येतो. प्रत्येक पॉलिमरची आवड निराळी. कोणी मद्यार्काच्या वाफेनें फुगतो, कोणी बेंझीनच्या. असे अनेक थर शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे प्रत्येक वासाची एक ओळखखूण उमटते. एडिसननें जिलेटिनच्या पट्टीनें जें केलें होतें, त्याचाच हा विस्तार. फरक एवढाच कीं, एका पट्टीऐवजीं येथें पट्ट्यांचें एक मंडळ होतें आणि त्यांची साक्ष ऐकावयास गणकयंत्र बसलें होतें. या विद्येवर १९९७ सालीं एक कंपनी निघाली आणि तिला प्रचंड नाकाबद्दल प्रसिद्ध असलेल्या सिरानो या नाट्यनायकाचें नांव देण्यांत आलें.

या नाकाची पहिली मोठी परीक्षा पृथ्वीबाहेर झाली. बंद यानांत हवा दूषित झाली तर खिडकी उघडण्याची सोय नसते. २४ जुलै १९७५ रोजीं अमेरिकन व रशियन यानांच्या संयुक्त सफरीवरून परततांना अमेरिकन यानांत नायट्रोजन टेट्रॉक्साइडचे धूर शिरले होते. एक अंतराळवीर बेशुद्ध पडला आणि तिघांनाही रुग्णालयांत ठेवावें लागलें. यास्तव पॅसाडेना येथीलच जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेंत ॲमी रायन यांच्या नेतृत्वाखालीं ३२ संवेदकांचें एक नाक तयार झालें. २९ ऑक्टोबर १९९८ रोजीं तें डिस्कव्हरी यानांतून वर गेलें. याच सफरींत ७७ वर्षांचे जॉन ग्लेन हेही होते. नाक जागें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं अंतराळवीर दररोज त्याच्याजवळ मद्यार्कांत भिजविलेला बोळा उघडीत आणि नाक तो वास बिनचूक ओळखी. पुढें सुधारलेलें नाक नोव्हेंबर २००८ मध्यें आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर पाठविण्यांत आलें व तेथें कित्येक महिने तें पहारा करीत होतें.

काजळीपेक्षांही सूक्ष्म आणि नीटस असें कार्बनचें रूप एव्हांना हातीं आलें होतें. १९९१ सालीं जपानमधील सुमिओ इजिमा यांनीं कार्बनच्या नॅनोनळ्यांचें वर्णन केलें. या नळीची जात अशी कीं, एकपदरी नळीचा प्रत्येक अणु पृष्ठभागावरच असतो. त्यामुळें बाहेरून येऊन चिकटणाऱ्या रेणूची वार्ता सबंध नळीला पोंचते. २८ जानेवारी २००० रोजीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील होंगज्ये दाय यांच्या प्रयोगशाळेंतून एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर पहिलें नांव जिंग काँग या विद्यार्थिनीचें होतें. ती १९९७ सालीं पेकिंग विद्यापीठाची पदवी घेऊन अमेरिकेस आली होती. हवेच्या दहा लाख भागांत नायट्रोजन डायऑक्साइडचे २०० भाग असतां कांहीं सेकंदांतच नळीची वाहकता सुमारें हजारपट बदलते आणि अमोनियानें ती उलट घटते, असें तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. परंतु उघडी नळी एका वायूंतून दुसरा निवडूं शकत नव्हती. म्हणून २००३ सालीं याच प्रयोगशाळेंत नळ्यांवर निरनिराळ्या पॉलिमरांचे लेप देण्यांत आले. एका लेपानें नायट्रोजन डायऑक्साइड अब्जांत एका भागाहूनही कमी असला तरी कळूं लागला. दुसऱ्या लेपानें तोच वायु बाहेर रोखून अमोनियाला तेवढी वाट दिली. कार्बन आणि पॉलिमर यांची जुनी जोडी पुन्हां एकत्र आली होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख दाय हेही चीनमधूनच आलेले. नोबेल विजेते चिनी शास्त्रज्ञ त्सुंग-दाव ली यांनीं १९७९ सालीं एक योजना सुरू केली होती. तिच्यामार्फत दहा वर्षांत नऊशेंहून अधिक चिनी विद्यार्थी पदार्थविज्ञान शिकण्यासाठीं अमेरिकेस गेले. दाय हे त्या योजनेच्या अखेरच्या वर्षांतले, १९८९ सालचे, विद्यार्थी. एका माणसानें उघडलेल्या दारांतून एक विद्यार्थी आंत आला. त्यानें पुढें आपल्या प्रयोगशाळेचें दार दुसऱ्या विद्यार्थिनीला उघडलें. असें दार नेहमीं उघडेंच राहतें असें मात्र नाहीं. २००१ सालच्या सप्टेंबरांतील हल्ल्यानंतर अमेरिकेनें शास्त्रविषयांच्या परदेशी विद्यार्थ्यांची कसून चौकशी आरंभिली आणि अनेकांचे परवाने महिनेच्या महिने रखडले. त्या काळांत जे प्रयोग झालेच नाहींत, त्यांची नोंद कोठेंही सांपडणार नाहीं.

या कृत्रिम नाकाचे दोषही सांगितले पाहिजेत. हवेंतील ओलाव्यानें तें फसतें. काळ लोटला कीं त्याचें उत्तर हळूहळू बदलत जातें आणि त्याला पुन्हां शिकवावें लागतें. ज्या कार्बन मोनॉक्साइडनें टायलर्सटाउनचे मजूर मारले, त्याच्यानें काजळी-पॉलिमरचा थर जवळजवळ फुगतच नाहीं. त्या वायूसाठीं आज निराळ्या तत्त्वावरचीं यंत्रें वापरतात. म्हणजे ज्या प्रश्नानें ही वाट सुरू झाली, त्याचें उत्तर या वाटेवर मिळालें नाहीं. दुसऱ्या अनेक प्रश्नांचीं मात्र मिळालीं. शास्त्राच्या इतिहासांत असें वारंवार घडतें.

त्यांपैकीं एक उत्तर २०१६ सालीं डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजांत मिळालें. कोनर बोलंड, जोनाथन कोलमन व त्यांचे सहकारी यांनीं मुलांच्या खेळण्यांतील मऊ सिलिकोन गोळ्यांत कार्बनचे अणुजाड पत्रे, म्हणजे ग्राफीन, मिसळलें. तो गोळा मानेवर ठेवला असतां नाडीचे ठोके विजेच्या आलेखांत उमटले. एवढेंच नव्हे, तर त्यावरून चालणाऱ्या लहानशा कोळ्याचीं पावलेंही मोजतां आलीं. एडिसनची वडी आवाजाचा दाब ओळखीत होती. हा गोळा कोळ्याच्या पायाचा दाब ओळखतो. तत्त्व एकच, अंतर सुमारें एकशें चाळीस वर्षांचें.

या सबंध वाटचालीकडे मागें वळून पाहिलें असतां एक गोष्ट मनावर ठसते. वेल्सचा खाणमजूर, टोकियोंतला कोरियन पाहुणा, न्यूझीलंडचा झाडलोट करणारा मुलगा, पेकिंगहून आलेली विद्यार्थिनी, यांपैकीं कोणीही एका ठिकाणीं बसून हा शोध लावला नाहीं, आणि कोणाही एका राष्ट्राला त्यावर हक्क सांगतां येणार नाहीं. काजळीचा एकेक कण सुटा असतांना वीज वाहत नाहीं. सांखळी पुरी झाली कीं वाहते. विद्येचेंही तसेंच आहे. म्हणून परदेशीं निघालेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हातांत जेव्हां परवान्याचा कागद पडतो किंवा पडत नाहीं, तेव्हां त्या कागदावर केवळ त्याचेंच भवितव्य अवलंबून नसतें. कोठल्या तरी खाणींत, कारखान्यांत किंवा यानांत श्वास घेणाऱ्या अनोळखी माणसाचेंही तें असूं शकतें.